एकाने काय होतंय! नवमधुमेहींसाठी सोपी मार्गदर्शिका

सर्वप्रथम अभिनंदन. लॅबच्या कागदावर तुमच्या नावाखाली एक आकडा जाड ठशात छापून आला आहे, त्याच्या शेजारी वर जाणारा बाण आहे आणि डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आहे. घाबरू नका, तुम्हाला भरपूर सोबत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि आणखी साडेतेरा कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत, म्हणजे आरएसीचं तिकीट हातात घेऊन दाराशी उभे आहेत. तुमचा बर्थ पक्का झाला. आता प्रवासाचे रीतिरिवाज शिकून घ्या.

डॉक्टर काय सांगतील ते आधीच सांगून ठेवतो. वजन उतरवा, ताटातला भात-पोळी कमी करून भाजी-डाळ वाढवा, रोज चाला, गोळ्या वेळेवर घ्या. चार वाक्यांत विषय संपतो. यात कसलीच कला नाही, म्हणून हे कोणी करत नाही. आमची पद्धत कष्टाची आहे, पण जन्मभर पुरते. तिचं ध्येय एकच: रोजच्या जगण्यात काडीचाही बदल न करता मधुमेह 'सांभाळणे'.

धडा १. आजाराला टोपणनाव द्या

'मला मधुमेह आहे' असं चुकूनही म्हणू नका. 'थोडीशी शुगर आहे' म्हणा. 'बॉर्डरवर आहे' हे त्याहून उत्तम. वैद्यकशास्त्रात ही बॉर्डर फार अरुंद आहे: उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, नाहीतर एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी साडेसहा किंवा त्याहून जास्त आली की माणूस पलीकडे गेला. आपली बॉर्डर मात्र ताणली तशी ताणते. उपाशीपोटी १९० आलेले काकासुद्धा गेली बारा वर्षं बॉर्डरवरच उभे असतात.

कारणही तयार ठेवा. टेन्शन, जागरण, गावाला गेलो होतो, लॅबवाल्याचं मशीन बिघडलंय. शेवटचं कारण सांगितलंत तर दुसऱ्या लॅबमध्ये जा. तिथेही तोच आकडा आला तर तिसरी गाठा. मनाजोगता आकडा देणारी लॅब सापडली की तीच विश्वासाची.

धडा २. वजन काट्यावर नव्हे, पट्ट्यावर मोजा

पँटचा पट्टा पोटाच्या घेराखाली बांधायला शिका. अशाने कॉलेजात असताना चौतीसची पँट लागायची, ती साठाव्या वर्षीही चौतीसचीच लागते. पोट तिच्यावरून पुढे निघून गेलं तर तो पँटचा दोष नाही. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं डॉक्टर म्हणतात, पण ते पट्टा बांधतो तिथे मोजत नाहीत. ते मोजतात तिथे टेप लावू देऊ नका.

बीएमआयचा विषय निघाला तर भारतीयांसाठीची मर्यादा विसरा. आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. तुम्ही पाश्चात्त्यांचा तक्ता दाखवा, त्यात लठ्ठ ठरायला तीसपर्यंत मोकळीक आहे. एरवी पाश्चात्त्यांचं काही घेऊ नये, हा तक्ता घ्यावा.

तुम्ही अंगाने बारीक असाल तर हा धडा सोडून द्या आणि निर्धास्त राहा. फक्त पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम वाचू नका. त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे फोटो शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडचा माणूस बाहेरून काटकुळा आणि आतून तुपाळ असू शकतो, एवढाच त्याचा मथितार्थ. तेव्हा घरातल्या जाड माणसाला रोज चारचौघांत टोचत राहा आणि बारक्याला आग्रहाने वाढत राहा. दोघेही एकाच डॉक्टरकडे पोचतील.

धडा ३. डाएट निवडा, शक्यतो दोन

महाराष्ट्रात डाएटची निवड पक्षनिष्ठेने करतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा आणि मधे काही खाऊ नका. ऋजुता दिवेकर सांगतात, घरचं, आपल्या मातीतलं खा, तुपाला भिऊ नका, थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खा. नवशिका यातलं एक निवडतो आणि पस्तावतो. मुरलेला माणूस दोन्हींतलं सोयीचं तेवढं उचलतो: दीक्षितांची ५५ मिनिटं, दिवेकरांचं तूप. दर दोन तासांनी ५५ मिनिटं तूप घालून जेवायचं.

डाएटचा मुख्य उपयोग वाद घालण्यासाठी आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी एक व्हिडिओ टाका. संध्याकाळी त्याच्या नेमकं उलट सांगणारा दुसरा टाका. दोन्हींखाली लोक हात जोडतील.

ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली आले, ते कोणी तुमच्यासमोर ठेवले तर विषय बदला. मधुमेह होऊन सहा वर्षं उलटली नव्हती अशा माणसांना वैद्यकीय देखरेखीखाली काही महिने अगदी मोजक्या कॅलरींवर ठेवलं. वर्षाअखेर ज्यांचं वजन पंधरा किलो किंवा जास्त उतरलं होतं, त्यांच्यातल्या ८६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय मागे हटला. अडचण एवढीच की त्या मंडळींना पंधरा किलो खरोखर उतरवावे लागले.

धडा ४. साखर बंद, गूळ चालू

आजपासून घरात पांढरी साखर नको, असं मोठ्या आवाजात जाहीर करा. शेजाऱ्यांना ऐकू गेलं पाहिजे. मग सेंद्रिय गुळाची ढेप आणा. गुळातही बहुतेक साखरच असते आणि कॅलरीही जवळपास तितक्याच, पण गूळ तपकिरी असतो आणि आजी खायची, हे दोन मुद्दे कोणत्याही ग्लुकोमीटरला भारी पडतात. पुढची पायरी मध, त्यापुढची खजूर. साखरेला जितकी नैसर्गिक नावं, तितके चमचे.

चहात शुगरफ्रीची एकच गोळी टाका आणि तो त्याग चार खाऱ्यांबरोबर पचवा. शुगरफ्री पेढा मिळाला तर नेहमीच्या दुप्पट खा. खव्याच्या आणि तुपाच्या कॅलरी त्यात तशाच असल्या तरी डब्यावर हिरवं पान छापलेलं असतं.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. गोड नाही ते सगळं चालतं. वडा, पाव, फरसाण, शेव, कट घातलेली मिसळ आणि वर आणखी दोन पाव, यांतलं काही गोड नाही. बाकरवडीत साखर घालतात, पण ती तिखट लागते, तेव्हा तीही चालते. मैद्याच्या पावाची पोटात गेल्यावर साखरच होते, हे खरं. पण ती तुमच्या नजरेआड होते, आणि जे बघितलं नाही त्याची साक्ष कशी देणार?

धडा ५. उपवास धरा

वजन उतरवण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग म्हणजे उपवास, हे तुम्ही ऐकलंच असेल. सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि एकादशी, चारही धरा. 'एकादशी, दुप्पट खाशी' हे टीकाकारांचं म्हणणं आहे. आपण तिप्पट खातो.

१०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर नुसता स्टार्च असतो. त्यात बटाटा घाला म्हणजे त्याला सोबत होईल. शेंगदाण्याच्या कुटात थोडी प्रथिनं असतात, ती भरपूर तुपाने झाकून टाका. संध्याकाळी रताळ्याचा गोड कीस, रात्री बटाट्याचे पापड आणि एक केळं. डॉक्टरांनी विचारलं तर सांगा, 'आठवड्यातून दोन दिवस तर मी जेवतच नाही.' शब्द न् शब्द खरा आहे.

धडा ६. चाला, म्हणजे टपरीपर्यंत पोचाल

पर्वती, तळजाई, शिवाजी पार्क, रंकाळा. तुमच्या गावाला शोभेल ती जागा ठरवा. बूट भारी घ्या. चालण्याचा ग्रुप नीट निवडा. ज्यात निवृत्त बँकवाले जास्त, तो सावकाश चालतो आणि मधेच उभा राहून व्याजदरावर बोलतो. अर्ध्या तासाच्या अशा रमतगमत फेरीत शंभर-सव्वाशे कॅलरी जेमतेम खर्ची पडतात. एक वडापाव त्याच्या दुपटीहून जास्त परत देतो. म्हणजे व्यवहार कायम नफ्याचा.

जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतर वाढणारा आकडा खाली येतो. याला बूट लागत नाहीत, ग्रुप लागत नाही, टेकडीही लागत नाही. गच्चीवर किंवा घरातल्या घरातसुद्धा जमतं. इतक्या फुकट उपायावर विश्वास ठेवू नका. शिवाय तेव्हा मालिका असते.

धडा ७. तपासणीआधी तीन दिवस सज्जन व्हा

हा धडा नीट गिरवा, बाकीचे सगळे याच्यावर उभे आहेत. तपासणीच्या तीन दिवस आधी भात बंद, सकाळी कारल्याचा रस, रात्री साडेसातला मुगाचं पातळ वरण. जेवणानंतरच्या रक्तासाठी रोजचं जेवण जेवून जायचं असतं. तुम्ही अर्धा फुलका आणि काकडी खा. आकडा देखणा येईल. त्याच दुपारी, लॅबमधून परतताना, सुटका साजरी करा.

एक अडथळा मात्र आहे. एचबीएवनसी. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. तेवढ्या दिवसांत रक्तातून फिरणारी साखर तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते आणि काही केल्या सुटत नाही. त्यामुळे ही चहाडखोर तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशेब एका आकड्यात सांगून टाकते. साखरपुड्याची बासुंदीसुद्धा तिच्या लक्षात राहते. तिच्यापुढे तीन दिवसांचं कारलं चालत नाही. त्यावर एकच उतारा आहे: 'ती महागाची आहे, पुढच्या वेळी करू.' हे वाक्य तीन तीन महिन्यांनी म्हणत राहा.

घरच्या ग्लुकोमीटरचं काय करायचं? अमेरिकेतल्या मुलाने प्रेमाने पाठवलेलं ते यंत्र कपाटात मफलरखाली ठेवा. पट्ट्यांची तारीख उलटून जाऊ द्या. कधी काढलंत आणि आकडा ३२० आला, तर बोटाकडे बघा. बोटाला आमरस लागलेला असेल तर यंत्र खरोखरच फुगवून आकडा दाखवतं. ही शास्त्रीय सबब सोडू नका. चुकूनही हात धुऊन, कोरडे करून परत तपासू नका.

धडा ८. गोळी म्हणजे परवाना

गोळी घेतली की खायला मोकळे, हे तत्त्व पक्कं करा. लग्नाला निघताना आपल्या मनानेच अर्धी जास्त घ्या, जिलबीच्या नावाने. आकडा सुधारला की गोळी बंद करा, कारण आता बरं वाटतंय. गोळीमुळेच बरं वाटत होतं, हा विचार मनात आणू नका.

'गोळ्यांनी किडनी जाते' हे वाक्य पाठ करा. किडनी वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने जाते. पण साखर आपली, गोळी परक्याची, तेव्हा आळ गोळीवर. इन्सुलिनचं नाव निघालं की 'इतक्यात नको' म्हणा. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं गेलं आणि मरणाच्या दारातला तो मुलगा पुढे तेरा वर्षं जगला. आपल्याकडे शंभर वर्षांनंतरही ते शेवटचं औषध समजतात आणि म्हणून शेवटीच घेतात.

हल्ली वजन उतरवणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही आली आहेत. मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं. या इंजेक्शनांनी भूक मंदावते आणि वजन उतरतं. बंद केली आणि सवयी जुन्याच राहिल्या की ते परतू लागतं. डॉक्टरांना विचारून घेण्यात काय मजा? पार्लरवालीच्या ओळखीने मिळतं का ते बघा. आणि हे सगळं चालू असताना चुलतसासऱ्यांनी पाठवलेली, लेबल नसलेली, हिरवट पावडर सोडू नका. तिचा साइड इफेक्ट नाही, कारण तिच्यात काय आहे तेच कोणाला माहीत नाही.

धडा ९. मुहूर्त शोधा

पथ्य आज सुरू करू नका. 'हे एवढं होऊन जाऊ दे' म्हणा. पंचांग समोर घ्या. संक्रांतीला तिळगूळ, तो नाकारला तर माणूस दुखावतो. होळीला पुरणपोळी. पाडव्याला श्रीखंड. एप्रिल-मे हापूसचे, वर्षातून एकदाच येतात. श्रावणात सणांची रांग. गणपतीत उकडीचे मोदक, आणि प्रसादाला कॅलरी नसतात. पितृपक्षात तरी मोकळीक मिळेल म्हणाल, तर खीर आणि वडे पूर्वजांसाठी खावे लागतात. दसरा, कोजागरीचं मसाला दूध, दिवाळीचा फराळ, मग लग्नसराई, मग हुरडा पार्टी. हुरड्याच्या धुरातून बाहेर येता तोवर पुन्हा संक्रांत.

यजमान म्हणतील, 'एकाने काय होतंय?' त्यांचा हिशेब बरोबर आहे. एकाने काहीच होत नाही. ते एक वाक्य वर्षभरात किती घरांत ऐकू येतं, ते मोजायला तुम्हाला कोणी सांगितलंय?

धडा १०. तुम्ही घरातल्या बाई असाल तर

इथवरचे धडे पुरुषांसाठी होते. त्यांच्या पथ्याची वाटणी सरळ आहे: खायचं त्यांनी, रांधायचं बायकोने आणि आकडा वाढला की बोलणी तिनेच खायची. तुम्हाला स्वतःला शुगर असेल तर नियम वेगळे आहेत.

सकाळी आठला गोळी घ्या आणि सगळ्यांचे डबे भरून, देवपूजा करून, दुपारी अडीचला जेवा. मधे हात थरथरले, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर 'ॲसिडिटी झाली' म्हणा. काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर धोक्याइतकी खाली जाते, हे घरात कोणी लक्षात घेणार नाही. जेवताना कालचा उरलेला भात घ्या, टाकवत नाही आणि दुसरं कोणी खात नाही. भाजी सगळ्यांना पुरून उरली तर घ्या. चालायला जायचं म्हणालात तर उत्तर मिळेल, 'दिवसभर घरात चालतेसच की.' आणि डॉक्टरांकडे मुलाची परीक्षा, सासूबाईंचा मोतीबिंदू आणि नणंदेचं बाळंतपण आटोपल्यावर जा. तोवर धीर धरा. तुमच्या सहनशीलतेचं सगळ्यांना फार कौतुक आहे.

धडा ११. दुखत नाही म्हणजे काही नाही

काही वर्षांनी तळपायाला मुंग्या येतील. मग त्याही थांबतील. हे सुधारणेचं लक्षण समजा. पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, खडा रुतला तरी कळत नाही, म्हणजे पाय किती कणखर झाले! त्याच पायांनी मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घाला. फोड आला तर हळद लावा आणि पंधरा दिवस वाट बघा.

डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्या म्हणतात. तुम्ही चष्म्याचा नंबर काढून या, डोळे तेच आहेत. लघवीतली प्रथिनं तपासा म्हणतात. लघवी तर व्यवस्थित होते, रात्री चार वेळा होते. जे अवयव तक्रार करत नाहीत त्यांना उगाच बोलतं करू नये.

धडा १२. वारसा पुढे द्या

एवढे धडे गिरवूनही आकडे हाताबाहेर गेले तर शेवटचा शब्द उच्चारा: 'आनुवंशिक.' आमच्या वडिलांना होता, आत्यांना होता, काय करणार! जनुकांचा वाटा आहे हे खरंच. पण वडिलांकडून जनुकांबरोबर बासुंदीची वाटी, जेवल्यावरची झोप आणि 'मला काही होत नाही' हे वाक्यही आलं, त्याचा उल्लेख करू नका.

१४ नोव्हेंबर हा बालदिन, आणि इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं गेलं त्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस म्हणून जागतिक मधुमेह दिनही. दोन्ही एकाच क्रीमच्या बिस्किटपुड्यात साजरे होतात. चौथीतला नातू पळताना धापा टाकत असेल तर त्याला 'खात्यापित्या घरचा' म्हणा आणि वर एक चॉकलेट द्या. एकाने काय होतंय?

कोणी आगाऊ सून सुचवेल की सगळ्यांनीच असं जेवू या: निम्मं ताट भाजी, डाळ थोडी जास्त, पोळ्या दोन, गोड सणापुरतं. वेगळं पथ्य नको, वेगळा स्वयंपाक नको, आजोबांचीही साखर उतरेल आणि नातवाचीही पुढे चढणार नाही. हे ठामपणे हाणून पाडा. एका मधुमेह्यापायी अख्ख्या घराला शिक्षा कशाला? थोडी कळ काढा. याच गतीने चाललो तर घरातल्या सगळ्यांनाच मधुमेह होईल, आणि मग स्वयंपाक आपोआप एकच करावा लागेल.